लेकराला इस्लामिक स्कूलमधे टाकायचं का झेडपीच्या शाळेत?

परभणी, बीड, नांदेडकडं आपल्या मुस्लिम घरांत लेकरू सहा वर्षाचं झालं की हा विषय निघतोच आणि बहुतेक वेळा फीवरच अडकतो. माझं म्हणणं, फीच्या आधी मकतब बघा, म्हणजे कुराण आणि दीन (धर्म) शिकवणारा मोहल्ल्यातला वर्ग. मोहल्ल्यात पहाटे फजरच्या किंवा दुपारनंतर अस्रच्या नमाजनंतर हाफिजसाब लेकरांना नीट बसवून नाजरा (कुराण बघून वाचणं) शिकवत असतील तर दीनची सोय झाली, मग दिवसाची शाळा नुसती शाळा म्हणून निवडता येते.

झेडपीत फी नाही, बालभारतीची पुस्तकं फुकट, दुपारी पोषण आहार. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं प्राथमिकला 30 लेकरांमागं एक शिक्षक पाहिजे, पण लहान गावात दोन गुरुजी मिळून चार वर्ग सांभाळतात हे पण खरंय. आणि झेडपीची उर्दू शाळा म्हणजे इस्लामिक शाळा असं बरेच जण धरून चालतात, तसं नाहीये, राज्यघटनेच्या कलम 28 मुळं पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही, मग माध्यम कोणतंही असू द्या. उर्दू माध्यमात लेकरू पहिलीत लवकर रुळतं कारण घरची बोली जवळची, पण पुढं तलाठी भरती, पोलीस भरती सगळं मराठीवर येतं, त्यामुळं गावात मराठी शाळा चांगली असंल तर मी तिकडंच झुकते.

इस्लामिक स्कूलचं मोठं बळ म्हणजे एका छताखाली सगळं, दुआ, दीनियात (धर्माची शिकवण), अरबी, इंग्लिश. आईबाप दोघं कामावर जाणारे असतील आणि मकतबला सोडायला घरी कोणी नसंल तर हा फार मोठा आधार आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण खर्च पूर्ण धरा, फी, व्हॅन, युनिफॉर्म. अल्पसंख्याक शाळांना 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आरटीई लागू नाही, म्हणून खाजगी शाळेत गरीब लेकरांसाठी असणारी 25 टक्क्यांतली फुकट सीट तिथं मिळायची नाही, आणि केंद्राची पहिली ते आठवीची अल्पसंख्याक स्कॉलरशिप 2022 पासून बंदच आहे. तीन लेकरं असतील तर तिघांचा हिशोब आजच मांडा, कारण मधेच पैसे कमी पडले की बहुतेक मुलीचीच शाळा बदलते, याचं मला फार वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र अजिबात सोडू नका. बोर्डावर इस्लामिक लिहिलेली जागा मान्यता असलेली शाळा आहे का नुसता मदरसा, हे यूडायस नंबर (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) मागून बघा. 2015 मधे राज्य सरकारनं फक्त दीनी तालीम देणाऱ्या मदरशातली लेकरं शाळाबाह्य धरायचं ठरवलं होतं. नवोदय म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला पण पाचवी त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत लागते, आणि तिथल्या 75 टक्के जागा ग्रामीण लेकरांना आहेत, त्यासाठी तिसरी ते पाचवी गावाकडच्याच शाळेत पाहिजे. म्हणजे खेड्यातून शहरातल्या स्कूलमधे नेलं तर हा हक्क जातो.

ॲडमिशनच्या आधी दोन्हीकडं एकदा भर शाळेत जाऊन या, दुसरीतल्या कोणत्याही लेकराला धडा वाचायला सांगा आणि पहिलीला कोण शिकवणार ते नाव विचारून घ्या.