त्या ॲपने उशीचाही ऑक्सिजन ९७ दाखवला

२०२१ साल, कोविडची साथ ऐन भरात. बाबांना ताप येऊन दुसरा दिवस होता आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा फोन सकाळपासून लागत नव्हता. नंतर कळलं की तेच पॉझिटिव्ह येऊन दाखल झाले होते. बाबा आतल्या खोलीत, आई आणि मी बाहेर. रुग्णालयात न्यायचं तर तिथूनच आणखी काही घेऊन येऊ ही धास्ती. अशा वेळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला: घरबसल्या तज्ज्ञ डॉक्टर, चोवीस तास व्हिडिओ कॉल, चौदा दिवसांचं कोविड पॅकेज. खाली तिघाचौघांचे अनुभव, 'आमचे आजोबा घरीच बरे झाले' वगैरे. हे आजोबा कुणाचे, हे ग्रुपवर कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

पैसे आधी भरायचे होते, तेही सगळ्या पॅकेजचे. आलेल्या क्यूआर कोडवर दवाखान्याचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. मी विचारलं, तर 'ते आमच्या अकाउंट्सचे आहेत' असं उत्तर आलं. मनात पाल चुकचुकली होती. तरी पैसे पाठवले, कारण आत बाबा खोकत होते.

कॉलवर पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे पुस्तकांचं कपाट. आवाज धीराचा. 'तुमचे बाबा ते माझे बाबा, अजिबात काळजी करू नका,' असं ते म्हणाले आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव, वय, वजन विचारून झालं. मी फोन घेऊन बाबांच्या खोलीकडे निघाले तर म्हणाले, 'दाखवायची गरज नाही, मला अंदाज आलाय.' बाबांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. तो आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि घाबरलेल्या अवस्थेत मलाही सांगायचं सुचलं नाही. चार मिनिटांत कॉल संपला आणि प्रिस्क्रिप्शन आलं: दोन अँटिबायोटिक्स, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि डेक्सामेथासोन.

या शेवटच्या गोळीबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे आणि कोविडमध्ये त्याने खरोखर जीव वाचवले. जून २०२० मध्ये 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने कमी झालेले दिसले. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना काही फायदा दिसला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं होतं की हे औषध गंभीर रुग्णांसाठी आहे, सौम्य आजारात देऊ नये. वर स्टेरॉइडने साखर चढते. आमच्या बाबांना ते तापाच्या दुसऱ्याच दिवशी, मधुमेहाची चौकशीही न करता सुरू झालं. ताप लगेच उतरला. आम्हाला वाटलं, देवमाणूस भेटला.

ऑक्सिमीटर तेव्हा कुठे मिळत नव्हता. 'यंत्राची गरजच नाही,' म्हणून त्यांनी एका ॲपची लिंक पाठवली. फोनचा फ्लॅश लावायचा, कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, आकडा येतो. ९८. संध्याकाळी ९७. दुसऱ्या दिवशी पुन्हा ९८. मी वहीत वेळ घालून लिहून ठेवत होते आणि रोज रात्री त्या वहीचा फोटो त्यांना पाठवत होते. उत्तरात अंगठा यायचा.

आजाराच्या आठव्या दिवशी मावसबहिणीचा फोन आला. ती नर्स आहे. बाबांशी बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि मला म्हणाली, 'काकांचं एक वाक्य एका श्वासात पूर्ण होत नाहीये, तुझ्या लक्षात आलं नाही का?' तासाभरात ती स्वतःचा ऑक्सिमीटर दाराशी ठेवून गेली. बाबांच्या बोटाला लावला: ८८. लगेच ॲप लावलं: ९८. बाबा तर 'मला बरं वाटतंय' म्हणत होते. कोविडमध्ये हे व्हायचं, ऑक्सिजन घसरलेला असतो आणि माणसाला दम लागल्याचं जाणवतही नाही.

माझा हात थरथरत होता. फोन तसाच सोफ्यावर पडला, कॅमेरा उशीला टेकलेला, फ्लॅश चालू. उचलला तर पडद्यावर ९७ होते.

खऱ्या ऑक्सिमीटरमध्ये दोन प्रकारचा प्रकाश बोटातून जातो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून आकडा निघतो. साध्या फोनच्या फ्लॅशमधून तसा प्रकाश येत नाही. नाडीचे ठोके कॅमेऱ्यावर मोजता येतात, म्हणून अशी ॲप्स खरी वाटतात. आमच्या ॲपमध्ये तर तेवढंही नव्हतं.

मावसबहिणीने तिच्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंना व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्यांनी कॅमेरा बाबांच्या छातीवर धरायला लावला आणि पूर्ण एक मिनिट काही न बोलता श्वास मोजले. मग ओठ आणि नखं उजेडात दाखवायला सांगितली. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून कॅमेऱ्यापुढे धरायला लावल्या. डेक्सामेथासोनची पट्टी दिसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न आला, 'साखर कितीये?' घरच्या ग्लुकोमीटरने मोजली तर ४१२ निघाली. त्या म्हणाल्या, 'हे फोनवर सांभाळण्यासारखं नाही. रुग्णवाहिका बोलवा, तोवर त्यांना पालथं झोपवा.' त्यांच्याशी हे सगळं बोलणं झालं ते फोनवरच. म्हणून व्हिडिओवरचे डॉक्टर म्हणजे लबाडी, असं माझ्या लिहिण्यातून कुणी काढू नये. त्या साथीत अशा कॉल्सवर कितीतरी माणसं घरीच नीट सांभाळली गेली. पण आपल्याला फोनवरून काय दिसत नाही, हे त्या बाईंना पक्कं ठाऊक होतं आणि ते त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत बोलून दाखवलं. आमच्या 'पॅकेज'वाल्याने सहा दिवसांत एकदाही रुग्णालयाचं नाव काढलं नव्हतं. ते कशाला काढतील? रुग्ण दाखल झाला की तिथले डॉक्टर औषधं तपासणार.

बाबा एकोणीस दिवस दाखल होते. घरी आले. साखर ताळ्यावर यायला पुढे कित्येक महिने गेले आणि इन्सुलिन अजून चालू आहे.

प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक होता, म्हणून तर माझा विश्वास बसला होता. बाबा रुग्णालयात असताना एका रात्री तो क्रमांक मी वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर टाकून पाहिला. क्रमांक खरा होता, नावही खरं, पण ते एका वयस्कर स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं होतं आणि आमच्या कॉलवर होता चाळिशीतला पुरुष. प्रिस्क्रिप्शनवर पहिलं नाव नुसत्या आद्याक्षराने लिहिलं होतं, म्हणून ते खपून गेलं. हे शोधायला मला दोन मिनिटं लागली. पैसे भरायच्या आधी ही दोन मिनिटं मी काढली नाहीत, ही बोच आजही जात नाही. त्या बाईंच्या दवाखान्यात फोन केला तर त्यांना माझ्याआधी आणखी दोघांचे असेच फोन येऊन गेले होते. सायबर पोलिसांकडे आम्ही दोघींनीही तक्रार दिली. बँकेने सांगितलं, फार उशीर झाला, पैसे त्या खात्यातून त्याच दिवशी पुढे गेलेत.

परवा तोच मेसेज पुन्हा ग्रुपवर आला. 'कोविड पॅकेज'च्या जागी 'मधुमेहमुक्ती पॅकेज', बाकी मजकूर शब्द न् शब्द तोच, अनुभवांतले आजोबासुद्धा तेच. मी लगेच त्याखाली बाबांचं जुनं प्रिस्क्रिप्शन टाकलं. दोन मिनिटांत मामीचा फोन आला. तिने त्याच सकाळी पैसे भरले होते आणि इन्सुलिन बंद करायचं, असं तिला सांगितलं गेलं होतं. 'इन्सुलिन बंद करणार नाही,' हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि तिच्या बँकेचा तक्रारीचा नंबर लावला.