खिडकीवाले साडी-कव्हर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

चिपळूणहून भाचीची मंगळागौर आटोपून पुण्याला परतल्यावर चौथ्या दिवशी बॅग उघडली, तेव्हा आईच्या पैठणीच्या पदरावर वीतभर लांबीचा निस्तेज चौकोन उमटलेला दिसला. साडी-कव्हरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीशी तो ताडून पाहिला. आकार तंतोतंत तोच होता. याच कव्हरांबद्दल मी महिनाभराच्या वापरानंतर चांगला अभिप्राय दिला होता, म्हणून हे पुन्हा लिहिणे मला आवश्यक वाटते.

सहा कव्हरांच्या संचाला मी साडेचारशे रुपये मोजले. चेन अजून नीट चालते, शिवण कोठेही उसवलेली नाही. खळ दिलेली सुती साडी कव्हरमध्ये घालून बॅगेत सर्वांत वर ठेवली, तर नागपूरच्या रात्रभराच्या प्रवासानंतरही हाताने सारखी करून नेसता येते. यजमानांच्या धोतरांनाही ही कव्हरे सोयीची पडली.

माझा सारा राग त्या खिडकीवर आहे. आतली साडी ओळखता यावी म्हणून आपण पदर खिडकीकडे येईल अशीच घडी घालतो, आणि पैठणीत जपायचा असतो तो नेमका पदरच. त्याची जमीन जरीची असते व मोर, वेलबुट्टी रेशमात विणलेली असते. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देतात. हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते आणि दमटपणात ही क्रिया अधिक वेगाने होते. कव्हरच्या कापडातून ओलावा बाहेर पडू शकतो, प्लास्टिकमागे तो कोंडून राहतो. रात्रभर खेळून घामाने ओलसर झालेली साडी मी कुंभार्ली घाटातून येणारी एसटी गाठण्याच्या घाईत न वाळवताच कव्हरमध्ये घातली, ही चूक माझीच. मात्र त्याच साडीचा कापडाला टेकलेला भाग पूर्वीसारखाच तेजस्वी आहे.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. चेन तुटली असती तर कव्हर बदलून दिले असते, साडीची जबाबदारी आमची नाही, एवढेच उत्तर मिळाले. ज्या कव्हरवर ‘रेशमी साड्यांसाठी’ असे छापले आहे, त्याच्याबाबत हे उत्तर मला मान्य नाही.

पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी सहाही खिडक्या कापून काढल्या व त्या जागी जुन्या मलमलीच्या ओढणीचे तुकडे शिवले. या दुरुस्तीनंतर माझे मत पुन्हा निवळले होते. पुढे पैठणी उजेडात धरून पाहिली, तेव्हा कव्हरच्या मापामुळे प्रत्येक वेळी एकाच रेषेवर पडणाऱ्या घडीत जरीची तार दोन ठिकाणी तुटलेली आढळली. चपटी तार वारंवार दुमडली की तुटते, आणि त्यावर इस्त्रीचा इलाज नाही. त्यामुळे रेशमी, खऱ्या जरीच्या साडीसाठी मी हे कव्हर, खिडकी काढलेलेसुद्धा, आता वापरत नाही.

कापडाच्या दुकानातून ताग्याची रिकामी पुठ्ठ्याची नळी फुकट मिळाली. पुठ्ठा साडीला थेट लागू नये म्हणून तिच्यावर धुतलेले सुती धोतर गुंडाळले. साडी वाऱ्यावर पूर्ण वाळवून काठाला काठ लावून लांबीत एकदाच दुमडायची, त्या दुमडीत मलमलीची सैल वळकटी ठेवायची, मग निऱ्यांकडच्या टोकापासून हलक्या हाताने नळीवर गुंडाळत पदर शेवटी आणायचा आणि वरून पुन्हा सुती कापड लपेटायचे. नाडी सैल बांधावी, घट्ट बांधल्यास तिचाच वळ उठतो. डांबरगोळ्या मी जरीजवळ ठेवत नाही.

ही अडीच फुटांची गुंडाळी बॅगेत मावत नाही, हातात न्यावी लागते. डिसेंबरात बेळगावला लग्न आहे, तेव्हा गाडीत ती मांडीवर आडवी घेऊन बसण्याची माझी तयारी आहे.