कुंडीतल्या अंजिराची झोप राखणारा तापमापक

आम्ही शिकागोजवळ राहतो आणि आमच्याकडे ‘शिकागो हार्डी’ जातीचे अंजिराचे पाच वर्षांचे झाड मोठ्या कुंडीत आहे. ही जात काटक म्हणून प्रसिद्ध असली, तरी तो काटकपणा जमिनीत लावलेल्या झाडाचा आहे, कारण तिथे मुळांवर मातीचे जाड पांघरूण असते; कुंडीतली माती मात्र चहूबाजूंनी गारठते. त्यामुळे हिवाळ्यात कुंडी आत आणावीच लागते.

पहिल्या वर्षी मी मायेपोटी ती दिवाणखान्यातल्या खिडकीशी ठेवली. पाने गळाली खरी, पण हीटरच्या उबेने जानेवारीतच फिकट, लांबुडके कोंब फुटले, त्यांवर लाल कोळी पडला आणि उन्हाळ्यात झाडाने जेमतेम चार फळे दिली. पुरंदरच्या बागांत पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि पानगळ करून घेतात. इथे ती विश्रांती थंडी देते, आणि तीच मी हिरावून घेतली होती.

यंदा पानगळ झाल्यावर कुंडी घराला लागून असलेल्या, न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवली आणि लांब तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल तापमापक घेतला. सेन्सर कुंडीच्या कडेजवळ बोटभर खोल खोचला, कारण गारठा आधी कडेच्या मुळांना गाठतो. हे उपकरण हवेचे आणि मातीचे तापमान वेगवेगळे दाखवते व दोन्हींचे किमान आणि कमाल आकडे लक्षात ठेवते. जानेवारीतल्या सर्वांत थंड रात्री गॅरेजमधली हवा उणे ५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरली होती, तरी माती १ अंशावर टिकून होती. तो आकडा सकाळी पाहिला नसता, तर मी घाबरून कुंडी पुन्हा घरात आणली असती. पाने नसल्यामुळे उजेडाची गरज नव्हती. महिन्यातून एकदा दोन पेले पाणी पुरले. फेब्रुवारीत फांदीची साल नखाने किंचित खरवडली, तर आत ओला हिरवा रंग दिसला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मार्चमध्ये दुपारी माती १० अंशांवर जाऊ लागली, तेव्हा कमाल आकड्यावरूनच ते कळले आणि कुंडी मी दाराजवळून मागच्या थंड भिंतीशी सरकवली. अवेळी फुटलेले कोंब मेमधल्या शेवटच्या हिमकडाक्यात हमखास करपतात.

उणिवा दोन आहेत. सोबत आलेले साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात, तिथे लिथियमचे सेल घालावेत. दुसरी अधिक खटकते: सेल बदलताना साठवलेले किमान-कमाल आकडे पुसले जातात, म्हणून ते आधी वहीत उतरवून ठेवावे लागतात. तरीही कुंडीत अंजीर किंवा डाळिंब जपणाऱ्या कुणालाही मी हा तापमापक निःशंकपणे सुचवीन, मात्र तारेचा सेन्सर असलेलाच. नुसती हवा मोजणारा या कामाला उपयोगी नाही.