‘किट घ्या, दागिने बनवा, माल आम्हीच विकत घेऊ’: मण्यांच्या छंदात मी कशी फसले

मण्यांचे दागिने करायचा छंद नव्याने लागलेल्या कुणालाही ही जाहिरात आज ना उद्या दिसतेच. शिकायचे व्हिडिओ बघायला लागलात की मागोमाग ती येते. किट मागवा, घरबसल्या ब्रेसलेट आणि माळा करा, तयार माल कंपनी उचलेल. मला ती दिसली, मी पैसे भरले आणि त्यातले काही बुडालेच. यात कुणी ओटीपी मागितला नाही की खातं हॅक केलं नाही. सामान घरपोच आलं, पावतीसकट आलं. त्यामुळे आपण फसतोय हे बराच काळ लक्षातच येत नाही, आणि हे सविस्तर लिहायचं कारणही तेच आहे.

किटच्या वर्णनात लिहिलं होतं: अस्सल टर्क्वॉइज, म्हणजे आपला फिरोजा, सिट्रीन नावाचा पिवळा खडा, गोड्या पाण्यातले मोती, स्वारोवस्कीचे क्रिस्टल, जपानी बारीक मणी, आणि ‘गोल्ड फिल्ड’ हुक व कड्या. सोबत सुया, दोरा, तार, छोटी पक्कड आणि छापील नमुने. किटचे पैसे कार्डाने भरायचे होते. अनामत मात्र वेगळी, आणि तीही एका व्यक्तीच्या खात्यात थेट पाठवायची. पहिला माल पास झाला की परत मिळणार. फोनवरचा माणूस बोलायला एकदम गोड. “ताई, तुम्ही काळजीच करू नका. नवशिक्यांचा माल पण आम्ही घेतो. फक्त फिनिशिंग चांगलं पाहिजे.” चांगलं म्हणजे किती चांगलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन मण्यांत किती फट चालेल, दोऱ्याची गाठ कुठे लपवायची, लांबीत किती फरक खपेल, काही नाही. पास-नापास करणारा तोच आणि नियम त्याच्या मनात.

काम मात्र मला मनापासून आवडलं, हे कबूल करायला हवं. तारेवर मणी ओवायचे, क्रिंप, म्हणजे टोक पक्कं धरणारा धातूचा छोटा मणी, पक्कडीने हलकेच दाबायचा, टोक परत आत सारायचं, यात वेळ कसा जातो कळत नाही. पण ओवतानाच काही गोष्टी खटकत होत्या. एकाच सरातल्या मण्यांची भोकं लहान-मोठी. काहींतून सुई जाईना, काहींच्या कडा इतक्या धारदार की ओढताना दोऱ्याचे तंतू सुटायचे. बारीक मणी ‘11 नंबर’ म्हणून आलेले. या मापाचा मणी साधारण 2 मिलिमीटरचा असतो, आणि नंबर जितका मोठा तितका मणी लहान, म्हणजे 15 नंबरचा याहून बारीक. माझ्या पुडीत सगळ्याच जाडीचे मणी एकत्र होते, त्यामुळे सरळ ओळ वाकडी व्हायची. नवशिक्याला वाटतं, आपलाच हात बसला नाही अजून. बनवाबनवी करणाऱ्याला नेमकं हेच सोयीचं असतं.

माल पाठवला. उत्तर आलं, नापास. सोबत फोटो आणि तीन कारणं: मण्यांचा रंग उतरलाय, ओळीत फटी आहेत, हुक काळवंडलेत. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. मणी त्यांचे, हुक त्यांचे, आणि दोष माझ्या कामाचा! मी फोन केला तर म्हणतो, “ताई, तुमचा हात साफ आहे हो. पण बेसिक किटच्या मटेरियलला असं होतंच. प्रीमियम घ्या, त्यात रिजेक्शन येत नाही.” ज्या सामानाला वर्णनात ‘अस्सल’ म्हटलं होतं, तेच आता बेसिक झालं. अनामत मागितली तर म्हणे ती माल पास झाल्यावरच. प्रीमियम किटला नाही म्हटल्यावर माझा नंबर ब्लॉक झाला.

मग मी उरलेले मणी टेबलावर ओतले आणि एकेक तपासायला घेतला.

सुरुवात फिरोज्यापासून. भिंगाखाली मणी धरला तर भोकाच्या कडेला टवका उडालेला होता आणि आत शुभ्र पांढरं. वरच्या बारीक भेगांमध्ये निळा रंग साचून गडद झालेला. कापसाच्या काडीवर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन मण्याच्या एका बाजूला घासलं, तर काडी निळी. हा होता हाऊलाइट. हाऊलाइट निसर्गात पांढरा असतो, त्यावर राखाडी-काळ्या शिरा असतात, आणि तो सच्छिद्र असल्यामुळे रंग छान पितो. रंगवला की शिरांसकट हुबेहूब फिरोज्यासारखा दिसतो. कठीणपणात मात्र मोठा फरक आहे: मोहस मापावर हाऊलाइट 3.5 च्या आसपास, फिरोजा 5 ते 6. ॲसिटोनची परीक्षा एकाच बाजूने खरी आहे, हेही सांगून ठेवते. रंग निघाला तर मणी रंगवलेला. नाही निघाला म्हणजे अस्सल, असं समजू नका, कारण रंगावर रेझिनचा थर दिला असेल तर काडी पांढरीच राहते. आणि ही परीक्षा एखाद्याच सुट्या मण्यावर करा. प्लॅस्टिकचे बरेच मणी ॲसिटोनने विरघळतात, मोत्यांच्या तर ते जवळही नेऊ नका.

घामाने आणि पाण्याने रंग उतरणारा मणी होता हा. ब्रेसलेट करताना दहा वेळा बोटांत फिरला, रंग फिका पडला आणि त्याच कारणाने माल नापास झाला. म्हणजे नापास होण्याची सोय किटमध्येच भरून पाठवली होती. मुद्दाम की केवळ स्वस्त माल म्हणून, ते सिद्ध करता येणार नाही. धंदा मात्र दोन्ही बाजूंनी त्यांचाच होतो.

सिट्रीन निघालं काच. सगळे मणी एकसारखे गडद नारिंगी, रंगात किंचितही फरक नाही, आणि भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले. असे गोल बुडबुडे काचेत सापडतात. बाजारात अस्सल म्हणून मिळणारं बरंचसं सिट्रीनही जांभळा ॲमेथिस्ट तापवून पिवळा केलेला असतो, पण तो निदान क्वार्ट्झ, म्हणजे खरा खनिज दगड तरी असतो आणि विकणाऱ्याने तसं सांगितलं तर त्यात वावगं काही नाही. नैसर्गिक सिट्रीन सहसा फिकट पिवळं असतं. नवशिक्यांना चकवणारी आणखी काही नावं आहेत. चेरी क्वार्ट्झ आणि ओपलाइट या नावाने जे विकतात ती सहसा काचच असते. चमचमणारा गोल्डस्टोनही काच, चमक आतल्या तांब्याच्या कणांची. दिसायला सुंदर आहेत, मीही आवडीने वापरते. प्रश्न फक्त दगडाच्या भावात काच घेण्याचा आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मोती काचेचे निघाले, वर मोत्याच्या रंगाचा लेप. भोकापाशी तो लेप सालीसारखा सुटला होता. दोन मोती एकमेकांवर अलगद घासून बघायचे. खरे मोती, पाळीव असले तरी, किंचित खरखरतात. लेप दिलेले सुळकन घसरतात. शिवाय माझ्या सरातले सगळे मोती काटेकोर गोल आणि एका मापाचे होते. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचा असा सर मिळतो, पण तो महाग असतो. नवशिक्यांच्या किटमध्ये तो कुणी का घालेल, हा प्रश्न आधीच पडायला हवा असा आहे.

क्रिस्टलचं तर कागदावरच कळलं असतं. स्वारोवस्की या ऑस्ट्रियन कंपनीने हस्तकलेच्या किरकोळ बाजाराला सुटे क्रिस्टल पुरवणं बंद करत असल्याचं 2020 मध्येच जाहीर केलं होतं. त्यानंतर मिळतो तो बहुतेक जुना साठा. तेव्हा स्वस्तातल्या नव्या किटमध्ये हे नाव मूठभर क्रिस्टलसाठी दिसलं की माल कुठून आला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. जपानी मण्यांचंही तसंच. मियुकी किंवा तोहो या जपानी कंपन्यांच्या पाकिटावर माप आणि रंगाचा क्रमांक असतो. माझे मणी बिनलेबलाच्या पिशवीत आले होते.

उरले हुक. ‘गोल्ड फिल्ड’ला अमेरिकेच्या नियमांत ठरलेला अर्थ आहे: सोन्याचा थर एकूण वजनाच्या किमान एक-विसांश. नुसतं सोन्याचं पाणी दिलेल्या कडीला अशी वजनाची अट नसते, आणि तो थर घामाने पटकन जातो. माझे हुक फ्रिजवरच्या चुंबकाला टचकन चिकटले. म्हणजे आत बहुधा लोखंड किंवा पोलाद. पितळ, तांबं, चांदी, सोनं यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. कड्या चिकटल्या नाहीत, पण मनगटावर हिरवट डाग उमटला, म्हणजे त्यात तांबं. डाग धुतला जातो. निकेलचं तसं नाही. त्याची ॲलर्जी एकदा सुरू झाली की सहसा जन्मभर राहते. अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावं यावर युरोपीय संघाने मर्यादा घातली आहे: आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅम. करमणूक म्हणून केलेले दागिने आपण कुणाकुणाला भेट देतो, त्यामुळे कानातल्यांच्या तारांबाबत तरी विकणाऱ्याकडून ‘निकेलविरहित’ असं लेखी घ्या.

आता या योजनेचं गणित. विक्रेत्याची कमाई किट विकण्यात आणि अनामती जिरवण्यात आहे. तयार ब्रेसलेटची त्याला गरजच नाही. मी नंतर शोधून पाहिलं. त्यांच्या पानावर किट होती, किटच्या पुढच्या पायऱ्या होत्या, दागिने मात्र विकायला कुठेच नव्हते. जो माणूस शेकडो बायकांकडून माळा विकत घेतो, तो त्या कुठे विकतो? एवढा एकच प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा आणि पत्ता किंवा दुकानाची लिंक मागा. ‘यशस्वी विद्यार्थिनीं’चे फोटोही इमेज सर्चमध्ये टाकून बघा. मी टाकला तेव्हा त्यातलं एक ब्रेसलेट दुसऱ्याच कारागिराच्या पानावर बरंच आधीपासून होतं.

काम देणारा काम करणाऱ्याकडून पैसे मागत नाही, हे आपल्याला नोकरीच्या बाबतीत माहीत असतं. छंदाच्या बाबतीत ते सुचत नाही, कारण किटचे पैसे भरणं रास्तच वाटतं. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शिकायला सामान हवं तर ते सामान म्हणून घ्या, सुटं, थोडं, ओळखीच्या विक्रेत्याकडून. काचेचे साधे मणी, नायलॉनचा दोरा आणि एक बरी पक्कड यावर खूप शिकता येतं. काच ही काच म्हणूनच घेतली तर त्यात फसायला फारसं काही उरत नाही. हातात घेतल्यावर ती गार लागते आणि प्लॅस्टिकच्या मण्याच्या दुपटीहून जड असते. विक्रीचं पुढे बघता येईल. खरेदी आणि विक्री एकाच माणसाच्या हातात दिली की माल खराब आहे असं म्हणायचीही चोरी होते, कारण उद्या तोच आपल्याला पास करणार असतो. मीही भोकांबद्दलची तक्रार याच भीतीने गिळली होती.

पैशांचं पुढे असं झालं. किटचे पैसे कार्डाने भरलेले असल्यामुळे बँकेकडे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून हरकत घेता आली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, किटचं वर्णन, पार्सल उघडतानाचे फोटो, निळ्या झालेल्या काडीचा फोटो आणि ‘बेसिक मटेरियलला असं होतंच’ हा मेसेज, जो त्याने फोननंतर लेखीही पाठवला होता, हे सगळं जोडलं. ती रक्कम परत मिळाली. अशा हरकतीला मुदत असते, त्यामुळे विक्रेत्याच्या ‘उद्या बघतो’वर दिवस घालवू नका. चॅटही आधीच उतरवून ठेवा, कारण समोरचा त्याचे मेसेज पुसू शकतो. माझ्याकडचे काही त्याने पुसलेच.

अनामत मात्र गेली. थेट दुसऱ्याच्या खात्यात आपणच पाठवलेल्या पैशांबाबत बँकेने हात वर केले. ती वेगळ्या मार्गाने का मागितली होती, याचा उलगडा तेव्हा झाला. त्याची पोलिसांकडे सायबर तक्रार केली आहे. तिथे मला सांगितलं की एकट्याची रक्कम लहान दिसते, एकाच खात्याविरुद्ध बऱ्याच तक्रारी आल्या की हालचाल लवकर होते. तेव्हा अशा योजनेत तुमची अनामत अडकली असेल तर रक्कम कितीही किरकोळ वाटू दे, तक्रार स्वतःच्या नावाने नोंदवा आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक त्यात न विसरता लिहा.