कोकमाच्या अर्कापायी आमचा हंगाम गेला

शिमगा सरल्यावर आठवडाभराने कंपनीचा माणूस म्हणवणारा एकजण आमच्या पडवीत येऊन बसला. गळ्यात ओळखपत्र, हातात जाडजूड फाईल, बोलणं अगदी आर्जवी. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत बारा बायकांचा बचत गट आहे. एप्रिल-मेमध्ये रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायची, आमसुलं सुकवायची, आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस काढायचा, हे आमचं दरवर्षीचं काम.

त्याने पेलाभर पाणी मागितलं. त्यात जखमेवर लावतात त्या आयोडीनचे चार थेंब टाकले, पाणी तपकिरी झालं. मग आपल्या बाटलीतला लाल अर्क ओतला आणि तपकिरी रंग क्षणात गेला. "वहिनी, हा शरीरातला गंज. कोकमाचा अर्क तो असा धुऊन काढतो." पाठोपाठ रिपोर्ट दाखवला. त्यातल्या चित्रात काचेच्या बशीत जंतूंचा थर आणि अर्क लावलेल्या चकतीभोवती स्वच्छ गोल, म्हणजे तिथले जंतू मेलेले.

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "माका काय ह्या खरा वाटणा नाय." मी ऐकलं नाही. कारण त्याचं निम्मं बोलणं खरंच होतं. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल असतं, लाल रंग देणारी अँथोसायनिन्स असतात, प्रयोगशाळेत त्यांचे ऑक्सिडीकरण रोखणारे आणि जंतुनाशक गुण दिसलेले आहेत. खऱ्याच्या आडोशाने खोटं आत आलं.

सौदा असा : अर्क काढायचा संच तीस हजारांचा, आणि आम्ही काढलेला अर्क तोच चौदाशे रुपये लिटरने परत घेणार. प्रत्येकीने अडीच हजार काढले. एकीने तर भिशीचे पैसे आणून दिले, तिचा चेहरा अजून माझ्यासमोरून हलत नाही. पैसे मोबाईलवरून पाठवले तेव्हा पलीकडे कंपनीचं नव्हे, एका माणसाचं नाव दिसलं. तिथेच थांबायला हवं होतं. करारात एक ओळ होती, 'तपासणीत उत्तीर्ण झालेलाच माल स्वीकारला जाईल.' तपासणी कोण करणार, तिचा खर्च कोणाचा, आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

संच म्हणजे नळ लावलेलं स्टीलचं पिंप, गाळायचं कापड आणि स्पिरिटच्या वासाचे दोन कॅन. त्या वर्षी आमसुलं केलीच नाहीत, सगळी सालं त्या पिंपात गेली. पहिला नमुना 'नापास', दुसराही, तिसराही. दर खेपेला तपासणीचे अठराशे वेगळे. पाऊस लागला आणि त्याचा फोन बंद झाला.

गणपतीला भाची आली. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करते. रिपोर्ट हातात घेऊन तिने विचारलं, "मावशी, नुसत्या स्पिरिटची चकती कुठाय यात?" मला कळेना. तिने समजावलं : अर्क स्पिरिटमध्ये काढलेला असला तर जंतू अर्काने मेले की स्पिरिटने, हे कळायला शेजारी फक्त स्पिरिट लावलेली चकती ठेवावीच लागते. ती नसेल तर तो गोल काहीच सिद्ध करत नाही. रिपोर्टवर नमुन्याचा बॅच क्रमांक नव्हता, प्रयोगशाळेचा मान्यता क्रमांकही नव्हता. आणि बशीत जंतू मेले म्हणून अर्क प्यायल्यावर अंगातले जंतू मरतात असं नाही. पोटातून रक्तात किती उतरतं हा प्रश्न निराळाच.

मग ती मेडिकलमधून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेऊन आली. एक गोळी कुटून आयोडीनच्या पाण्यात टाकली, तर रंग तसाच गेला, म्हणजे त्याला कोकम लागतच नाही. त्याची उरलेली बाटली आणि आमचं घरचं आगळ तिने दोन वाट्यांत घेतलं, दोन्हींत खायचा सोडा घातला. आगळ फसफसलं आणि त्याची लाली जाऊन काळपट निळसर झालं. अँथोसायनिनचा रंग आम्लात लाल असतो, सोड्याने पालटतो. त्याची वाटी मात्र होती तशीच लालभडक राहिली. त्या बाटलीत कोकमाचा रंगच नव्हता. साध्या खाण्याच्या रंगात व्हिटॅमिन सी विरघळवलेलं असावं, असा तिचा अंदाज.

१९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार केली, पण पैसे देऊन तेव्हा पाच महिने उलटले होते. त्याच्या खात्यात काही शिल्लक नव्हतं. हा फोन त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला करायचा असतो, म्हणजे रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते.

गेल्या मंगळवारी राजापूरच्या बाजूच्या एका बचत गटाच्या ताईंचा फोन आला. त्यांच्याकडेही एकजण येऊन गेलाय. अर्क या खेपेला काजूच्या टरफलांचा, पण आयोडीनचा पेला तोच आणि माल परत घ्यायची बोली तीच. रविवारी त्यांची बैठक आहे. पैसे अजून भरलेले नाहीत, म्हणून हे आजच लिहून त्यांना पाठवते आहे.