मऊ कवचाची अंडी: तिसऱ्यांच्या शिंपल्या, टरफले, लेअर खाद्य की बाटलीतले कॅल्शियम?

गोव्यात आमच्या डिचोलीच्या परसात सात कोंबड्या आहेत. चार गावठी आणि तीन ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या. गेल्या वैशाखात एके सकाळी खुराडे उघडले, तेव्हा बसायच्या दांडीखाली एक अंडे पडलेले दिसले. त्याला कवच नव्हतेच, नुसती पांढरी पातळ कातडी होती, आणि उचलल्यावर ते शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्यासारखे बोटांत दबले. असे अंडे दाखवले की शेजारीपाजारी चार सल्ले हमखास देतात: तिसऱ्यांच्या (कालवणात घालतात त्या खाडीतल्या शिंपल्यांच्या) शिंपल्या कुटून घाला, अंड्यांची टरफले घाला, दुकानातले लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचे तयार खाद्य) सुरू करा, नाहीतर पाण्यात कॅल्शियमचे औषध मिसळा. चारही उपायांतून कॅल्शियमच मिळते, पण म्हणून ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

निवड करण्याआधी एक हिशेब मांडणे आवश्यक आहे. अंड्याचे कवच पाच ते सहा ग्रॅमचे असते, त्यातला सुमारे 95 टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे एका कवचात दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम जाते. आणि खाल्लेले सगळे अंगी लागत नसल्यामुळे रोज अंडे देणाऱ्या कोंबडीला दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते. आपण मात्र तिच्यापुढे कण्या, उरलेला भात आणि कोंडा टाकतो. शंभर ग्रॅम कण्यांत 30 मिलिग्रॅमसुद्धा कॅल्शियम नसते, आणि भाताच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर असला तरी तो ज्या रूपात असतो ते रूप उलट कॅल्शियमलाच बांधून ठेवते. मोकळी फिरणारी कोंबडी मातीतून उणीव भरून काढील असे म्हणावे, तर आपल्याकडची चिऱ्याची तांबडी माती आम्लधर्मी आणि कॅल्शियमच्या बाबतीत गरीब आहे. काही दिवस कोंबडी स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम काढून कवच भागवते, त्यानंतर कातडी अंडी सुरू होतात.

दुसरी गोष्ट वेळेची. अंडे कवचाच्या पिशवीत साधारण वीस तास असते आणि कवचाचा मोठा भाग रात्री, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना चढतो. त्या वेळी तिच्या पोटात कॅल्शियम शिल्लक असायला हवे. भुकटी लवकर पुढे सरकून जाते. दोन ते चार मिलिमीटरचा खडा मात्र दाणे दळणाऱ्या पोटात अडकून राहतो आणि रात्रभर थोडा थोडा विरघळतो. माझ्या मते शिंपल्या आणि टरफले यांच्यातला निकाल इथेच लागतो, कारण रासायनिक दृष्ट्या दोन्ही पदार्थ जवळजवळ एकच आहेत. टरफल पातळ असते, कुटताच त्याचा चुरा होतो आणि तो रात्रीपर्यंत टिकत नाही. शिवाय अंडी विकणाऱ्या किंवा नातलगांना वाटणाऱ्या घरातून टरफलेही घराबाहेर जातात, म्हणजे सात कोंबड्यांनी दिलेले कॅल्शियम सात कोंबड्यांपर्यंत परत येतच नाही. टरफले फुकट मिळतात, ती जरूर घालावीत, पण उकळून, वाळवून आणि अंड्याचा आकार ओळखू येणार नाही इतकी चुरून; अख्खी अर्धी टरफले टाकली तर कोंबडीला अंडे फोडून खाण्याची खोड लागू शकते, आणि मऊ अंडी पडत असलेल्या खुराड्यात ही खोड अधिकच सहज लागते.

तिसऱ्यांच्या शिंपल्या आपल्याकडे कालवणानंतर उकिरड्यावर जातात. त्यांच्यावरचे मीठ आणि मसाला जाईपर्यंत त्या दोन पाण्यांत धुवाव्यात, उन्हात वाळवाव्यात, तव्यावर ठिसूळ होईपर्यंत तापवाव्यात आणि दगडाखाली फोडाव्यात. भट्टीत मात्र जाळू नयेत, कारण शिंपल्या जाळूनच चुना करतात आणि चुना दाहक असतो. पानाचा चुना पाण्यात कालवून पाजणारेही आहेत, मी त्या वाटेला गेलो नाही. फोडलेल्या शिंपल्या चाळणीवर धरल्या की बारीक पूड खाली पडते. वर उरलेले मसुराच्या डाळीएवढे तुकडे आपल्या कामाचे. ते खाद्यात मिसळू नयेत, वेगळ्या वाटीत संध्याकाळी ठेवावेत. अंड्यावर असलेली कोंबडी गरजेपुरते टिपते. कोंबडा आणि तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) फारशा फिरकत नाहीत. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी डबाभर शिंपल्या फोडून ठेवणे सोयीचे, कारण नंतर त्या वाळत नाहीत.

लेअर खाद्याची बाब वेगळी आहे. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, शिवाय फॉस्फरस आणि डी3 जीवनसत्त्व प्रमाणात असते, त्यामुळे बंदिस्त ठेवलेल्या आणि भरपूर अंडी देणाऱ्या ग्रामप्रियासारख्या कोंबड्यांसाठी केवळ शिंपल्यांवर विसंबण्यापेक्षा हे खाद्य निश्चितच बरे. पण निम्मे लेअर आणि निम्म्या कण्या असे मिश्रण केले की कॅल्शियमही निम्म्यावर येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खुराड्यात पिल्ले असतील तर लेअर खाद्य देऊच नये. एवढे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. अशा मिश्र कळपाला वाढीचे खाद्य आणि बाजूला शिंपल्यांची वाटी हाच मार्ग योग्य ठरतो. तिसरी अडचण गोव्याच्या हवेची आहे. आषाढात एका दुकानातून आणलेल्या पोत्याचा तळ गोळे होऊन आंबट वासाचा निघाला, आणि बुरशीचे खाद्य यकृतच बिघडवते, तेव्हा ते अख्खे पोते मला टाकावे लागले. पावसाळ्यात दोन आठवड्यांपुरतेच खाद्य आणावे आणि ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे.

बाटलीतले कॅल्शियम मी चौथ्या क्रमांकावर ठेवतो. ते झटपट काम करते, अंडे अडकून कुंथणाऱ्या कोंबडीला उपयोगी पडते, आणि कोंबड्या आठवडाभर आडोशाला बसून असतील व ऊन दिसत नसेल, तर त्यातले डी3 काही दिवस आधार देते. पण पाण्यात मिसळले की ते कोंबडाही पितो, तलंगाही पितात, मात्रा कोणाला किती गेली ते समजत नाही, आणि रात्रीसाठी पोटात काही उरत नाही. चार-पाच दिवसांपुरते ठीक. कायमचा उपाय म्हणून ते महागही पडते.

यांपैकी काहीच लागू पडत नाही असेही होते. अंड्यावर नुकत्याच आलेल्या तलंगेची पहिली काही अंडी मऊ असतात आणि ती आपोआप सुधारतात. वैशाखात चोच उघडी टाकून धापणाऱ्या कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे खाद्यात कॅल्शियम असूनही कार्बोनेटला लागणारा दुसरा घटक अपुरा पडतो. तिला सावली आणि गार पाणी हेच औषध. सगळ्यांचीच कवचे एकदम सुरकुतली, अंड्यातले पांढरे पाण्यासारखे झाले किंवा श्वासात घरघर आली, तर तो संसर्गजन्य ब्रॉन्कायटिससारखा रोग असू शकतो आणि पशुवैद्यांकडे जाण्यात एक दिवसही घालवू नये.

माझ्या थोरल्या बहिणीने मोरजीला शिंपल्या, लेअर खाद्य, बाटली, सगळे एकामागून एक करून पाहिले, तरी अंडी मऊच पडत होती. तिच्या विहिरीचे पाणी एप्रिलपासून मचूळ लागते, आणि खारे पाणी कवच पातळ करते. मे महिन्यात तिने कोंबड्यांना नळाचे पाणी द्यायला सुरुवात केली. शिंपल्यांची वाटी तीच ठेवली. तीन आठवड्यांनी तिच्याकडून आलेल्या सहा अंड्यांपैकी पाच मी वाटीच्या कडेवर नीट आपटूनच फोडली. सहाव्याला अजून बोटाने खळगा पडत होता.