सात महिने वापरून: नग्न छायाचित्रणाचा इतिहास, आणि एक वाकडा भांग

नग्न छायाचित्रणाच्या इतिहासाचं हे पुस्तक. त्याचा कागद, छपाई, पानं किती, हे सगळ्यांनी लिहून झालंय. माझं भांडण दोन पानांमधल्या खाचेशी आहे.

छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनचं १९३६ सालचं चित्र घ्या. सँटा मोनिकातलं ऊन, गुडघे जवळ घेऊन बसलेली त्याची मॉडेल कॅरिस विल्सन, मान खाली, चेहरा दिसतच नाही. वेस्टन ८ बाय १० इंची निगेटिव्हवरून थेट त्याच मापाचा प्रिंट काढायचा. म्हणजे मूळ चित्रच या पुस्तकाच्या एका पानात ऐसपैस मावतं. या शहाण्यांनी ते ताणून दोन पानांवर पसरलंय, आणि डोकं बरोबर खाचेत! वेस्टनला तिच्या उजव्या हातावरची सावली खटकायची आणि तिला स्वतःचा वाकडा भांग न् केसांतल्या पिना, असं कॅरिसनंच पुढे सांगितलंय. ते वाचल्यापासून मी भांग शोधतोय. २,८०० रुपये मोजून भांग दिसेना. एक तारा दिला.

महिन्याभरात दोन वाढवले, ते छायाचित्रकार बिल ब्रँटमुळे. पोलीस गुन्ह्याच्या जागेचे फोटो काढायला वापरायचे तसला जुना लाकडी कोडॅक कॅमेरा त्यानं घेतला. त्याच्या रुंद भिंगातून खोली लांबच लांब आणि जवळचे पाय खांबाएवढे दिसतात. द्युरिओचे १८५४चे फोटोही छान आलेत, ज्यांवरून चित्रकार दलाक्रवा रेखाटनं करायचा. ते फोटो एकेका पानावरच आहेत, म्हणून.

चौथ्या महिन्यात भांगासाठी पुस्तक जरा दाबून उघडलं, तर कट्कन डिंक सुटला. विक्रेता म्हणे, फाटलेल्या पानाचा फोटो पाठवा. पाठवला. ‘आक्षेपार्ह चित्र’ म्हणून त्यांच्याच यंत्रणेनं नाकारला! पान पालथं घालून पुन्हा पाठवला, तर उत्तर आलं, दहा दिवसांची मुदत संपली.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या बाइंडरकडे नेलं. जुजबंदीचे, म्हणजे दोऱ्यानं शिवून बांधायचे, ६०० सांगितले. माझा चेहरा बघून म्हणाला, “काका, नुसतं चिकटवलं तर डिंकच आहे, परत सुटणार. त्यापेक्षा पोथीसारखी सुटी ठेवा, फडक्यात बांधून.”

घरी येऊन ती दोन पानं सतरंजीवर शेजारी शेजारी लावली. मधली सुतभर पट्टी डिंकानं खाल्लीय, पण भांग आहे, चांगलाच वाकडा आहे, आणि पिनाही दिसतात. चौथा तारा देतोय. तो प्रकाशकाला नाही, डिंकाला. नातेवाईक आले की फडक्याला दोन गाठी मारतो.